जुन्या घराचा कठडा : लाकूड कसे निवडावे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाताच्या आणि नाचणीच्या मेळाव्यात कृषिविद्येचा प्राध्यापक घराच्या कठड्याविषयी काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु गावोगावी शिवार पाहणीला गेलो की बैठक होते ती बहुधा ओटीवर किंवा पडवीत. पिकाचे बोलणे संपले की घरधनी कठड्याला हात लावून विचारतात, "हा आता बदलायला झालाय. लाकूड कोणते घालू?" हा प्रश्न आपल्या शेतीशीही जोडलेला आहे. लाकूड आपल्याच बांधावरचे आणि वरकस जमिनीवरचे असते, खर्च आपल्याच खिशातून होतो आणि लाकूड चुकीचे निघाले तर तीन-चार पावसाळ्यांत तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

कठडा ही केवळ शोभेची वस्तू नाही. आपल्या कोकणातील जुन्या कौलारू घरांचे जोते अंगणापासून दोन-तीन फूट उंच असते. म्हातारी माणसे उठता-बसता कठड्याचा आधार घेतात, तर लहान मुले त्यावर लोंबकळतात. कठडा कुजतो तो आतून, सांध्याच्या पोटात. वरून रंग चांगला दिसत असतो आणि एके दिवशी भार पडताच तो सुटतो. म्हणून लाकडाची निवड काळजीपूर्वक करावी.

या निवडीत लाकडाच्या नावाइतक्याच महत्त्वाच्या तीन गोष्टी आहेत. लाकूड गाभ्याचे आहे का, ते पुरते वाळले आहे का, आणि बसवल्यावर त्यात पाणी साचून राहणार नाही ना? या तिन्ही गोष्टी जमल्या तर साधे लाकूडही दीर्घकाळ टिकते. त्या जमल्या नाहीत तर सागाचाही उपयोग होत नाही.

कठडा कुजतो कोठे?

आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. पाख्याखाली असलेला कठडाही त्यामुळे भिजतो. पागोळ्यांचे पाणी अंगणात आपटून उडते आणि खालच्या पट्टीवर बसते. पुढे आठ महिने ऊन. लाकूड दरवर्षी फुगते आणि आकसते, सांधे सैल होतात आणि पुढच्या पावसात पाणी त्याच फटींतून आत शिरते.

लाकूड कुजवणारी बुरशी लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत असताना वाढू शकत नाही. भात आपण १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून कणगीत भरतो, कारण त्याहून ओले भात बुरसते. लाकडाचेही तसेच आहे. पावसात भिजलेली पट्टी दोन दिवसांत सुकली तर बिघडत नाही. जेथे पाणी आठवडेच्या आठवडे अडकून राहते तेथे कूज सुरू होते. अशा जागा ठरलेल्या आहेत : उभे गज खालच्या पट्टीत बसतात ती भोके, पट्टीची कूस खांबात शिरते ती खाच, भिंतीला टेकलेली टोके आणि सिमेंटमध्ये गाडलेला खांबाचा बुडखा.

म्हणून सगळा कठडा काढण्याआधी या जागी पेचकस टोचून पाहावा. चांगल्या लाकडात तो शिरत नाही, कुजलेल्या लाकडात मऊ मातीत शिरावा तसा जातो. पुष्कळदा असे दिसते की वरची पट्टी आणि बहुतेक गज धडधाकट आहेत आणि खालची पट्टी तेवढी गेलेली आहे. अशा वेळी खराब भागच बदलावा. जुने लाकूड अनेक वर्षे वाळून स्थिरावलेले असते. तसे नवे लाकूड मिळणे कठीण.

गाभा आणि कच्चे लाकूड

कापलेल्या ओंडक्याचे तोंड पाहिल्यास बहुतेक झाडांत दोन रंग दिसतात. सालीखालचा फिकट भाग हा झाडाचा जिवंत भाग. त्यातून पाणी वर चढते आणि त्यात पिष्टमय अन्न साठवलेले असते. हे कच्चे लाकूड. आतला गडद भाग म्हणजे गाभ्याचे पक्के लाकूड. गाभा तयार होताना झाड त्यात टॅनिन, तेलकट व कडू द्रव्ये साठवते. बुरशी, वाळवी आणि लाकूड पोखरणारे भुंगेरे यांना ही द्रव्ये मानवत नाहीत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सागाची कीर्ती ही सागाच्या गाभ्याची कीर्ती आहे. सागाचे कच्चे लाकूड भुंगेरे खातात आणि ते लवकर कुजते. बारा-पंधरा वर्षांच्या लागवडीच्या सागात कच्च्या लाकडाचे प्रमाण बरेच असते. वखारीत "साग" म्हणून घेतलेल्या गजाची एक कड पांढरट असेल, तर ती कड आधी जाणार हे समजून घ्यावे. अशा सागापेक्षा जुन्या फणसाच्या किंवा ऐनाच्या गाभ्याचा गज पत्करावा.

डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ साली स्थापन झाली. लाकडाचा टिकाऊपणा ठरवण्यासाठी तेथे लाकडाचे तुकडे जमिनीत अर्धे पुरून ठेवतात आणि ते किती महिने टिकतात हे पाहतात. १२० महिन्यांपेक्षा जास्त टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या वर्गात आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात धरतात. सागाचा गाभा पहिल्या वर्गात येतो, तर आंबा तिसऱ्या वर्गात. कठडा जमिनीत पुरलेला नसतो, त्यामुळे तो याहून अधिक काळ टिकतो. परंतु कोणते लाकूड पुढे आणि कोणते मागे, हा अंदाज त्यावरून येतो.

गाभा घ्यावा म्हणजे अगदी मधला भेंडाचा भाग घ्यावा असे मात्र नाही. ओंडक्याचा नेमका मध्य ज्या तुकड्यात आला तो तुकडा वाळताना हमखास तडकतो. गजासाठी सरळ तंतूंचे, गाठ नसलेले लाकूड निवडावे. दोन इंचांच्या गजात मध्यावर गाठ असेल तर तो तेथेच मोडतो.

आपल्या परिसरातील लाकडे

साग : वजन बेताचे, एका घनफुटास सुमारे १८ किलो. फुगणे-आकसणे कमी, रंधा चांगला बसतो, सांधे घट्ट राहतात. जुन्या झाडाचा गाभा मिळाल्यास कठड्याच्या सर्व भागांसाठी उत्तम.

फणस : कोकणातील जुन्या घरांची दारे आणि तुळया पुष्कळदा फणसाच्या असतात. गाभा पिवळा असतो आणि उजेडात हळूहळू तपकिरी होतो. काम करण्यास सोपा, वाळवीस बऱ्यापैकी दाद न देणारा. वरच्या पट्टीसाठी आणि कातीव गजांसाठी चांगला.

ऐन आणि किंजळ : दोन्ही जड, बळकट आणि आपल्या वरकस जमिनीवरची ओळखीची झाडे. ऐन एका घनफुटास सुमारे २४ किलो भरतो. खांब आणि खालची पट्टी यांसाठी योग्य. मात्र ही लाकडे वाळताना चिरतात आणि पिळवटतात, म्हणून ती उन्हात न टाकता सावलीत सावकाश वाळवावी लागतात. ओला ऐन बसवणे म्हणजे सांधे उघडे पडणे ठरलेले.

खैर : अतिशय कठीण व टिकाऊ, वाळवी लागत नाही. परंतु लांब, सरळ तुकडे क्वचित मिळतात आणि हत्याराची धार लवकर जाते. खुंट्या आणि आखूड खांब यांसाठी वापरावा.

शिवण : हलकी, एका घनफुटास सुमारे १४ किलो. वाळताना फारशी वाकत नाही. पावसाचा थेट मारा नसलेल्या आतल्या पडवीत, तेल देऊन, गजांसाठी चालते. उघड्यावर टाळावी.

ऑस्ट्रेलियन बाभूळ : सामाजिक वनीकरणाच्या काळात बांधावर, रस्त्याकडेला लावलेली ही झाडे आता जाड झाली आहेत. जुन्या झाडाचा गडद गाभा कठीण असतो. सरळ बुंधा मिळाला आणि नीट वाळवला तर विचार करण्यासारखे लाकूड आहे. कोवळ्या झाडात कच्चे लाकूडच अधिक.

आंबा, सुरू, निलगिरी : आंब्याला भुंगेरे लवकर लागतात आणि भिजल्यावर तो लवकर कुजतो. सुरू तडकतो. निलगिरीचे तंतू पिळाचे असल्याने ती वाकते. स्वस्त मिळतात म्हणून ही लाकडे बाहेरच्या कठड्याला घालू नयेत.

एकाच कठड्यात दोन लाकडे वापरण्यास हरकत नाही. खालच्या पट्टीला ऐन किंवा सागाचा गाभा आणि वरच्या पट्टीला व गजांना फणस, अशी जोडी चांगली जमते. पाणी जेथे जास्त, तेथे पक्के लाकूड, हा हिशोब ठेवावा.

लाकूड लागते किती?

खांबाखांबांमध्ये सहा फुटांचे दोन गाळे, म्हणजे एकूण बारा फूट कठडा धरू. वरची पट्टी ४ इंच रुंद व अडीच इंच जाड, खालची पट्टी ३ इंच उंच व २ इंच जाड आणि प्रत्येक गाळ्यात २ इंच चौरस, पावणेतीन फूट लांबीचे १२ गज. दोन्ही पट्ट्यांचे मिळून सुमारे १.३३ घनफूट आणि २४ गजांचे सुमारे १.८३ घनफूट, म्हणजे एकूण सव्वातीन घनफुटांच्या आत. कापाई आणि रंध्याची घट चौथा हिस्सा धरली तरी ४ घनफूट लाकूड पुरते.

हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण एवढ्या कामासाठी फळते फणसाचे झाड आडवे करण्याचे कारण नाही. जुना गोठा किंवा पडके मांगर उतरवले असेल तर त्यातील ६ इंच चौरस आणि ८ फूट लांब अशी एक तुळई म्हणजे २ घनफूट लाकूड. दोन चांगल्या तुळयांत आपले काम भागते. कडा खराब असल्यास तिसरी घ्यावी. आरागिरणीवर नेण्याआधी त्यातील खिळे शोधून काढावेत, नाहीतर पाते तुटते. वाळवी लागलेला भाग तोडून जाळून टाकावा.

झाड तोडावेच लागणार असेल तर आधी परवानगी घ्यावी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ या कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, खैर ही झाडे आहेत. झाड स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असले तरी हा नियम लागू होतो. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करून लेखी परवानगी आणि गरज असल्यास वाहतुकीचा परवाना घ्यावा.

वाळवण

चुका होतात त्या वेळापत्रकाच्या. आंब्याचे पैसे हातात येतात मे महिन्यात, पाऊस येतो मृगात आणि मधल्या पंधरा दिवसांत वखारीतून ओले लाकूड आणून कठडा ठोकला जातो. दिवाळीपर्यंत गज भोकांत खुळखुळू लागतात. लाकूड रुंदीत आणि जाडीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे सांध्यातली कूस बारीक होते आणि पकड जाते.

यासाठी भाताची झोडणी आटोपली की नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच लाकूड आणावे. कठड्याच्या मापापेक्षा पाव इंच मोठे तुकडे कापून घ्यावेत. हवेशीर पडवीत, जमिनीपासून फूटभर उंच, थरांमध्ये एक इंचाच्या रिपा घालून ते रचावेत. रिपा एकावर एक सरळ रेषेत याव्यात, नाहीतर फळ्या वाकतात. वर वजन ठेवावे. तुकड्यांची टोके फार लवकर वाळतात आणि तेथूनच चिरा जातात, म्हणून टोकांना रंगाचा किंवा मेणाचा हात द्यावा.

लाकूड वाळले की नाही हे पाहण्यास यंत्र लागत नाही. थरातला एक तुकडा खुणेचा ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी तराजूत घालावा. वजन उतरत आहे तोवर लाकूड ओले आहे. सलग दोन वेळा वजन तेच भरले की ते हवेच्या मानाने वाळले असे समजावे. दोन-अडीच इंच जाडीच्या तुकड्यांना डिसेंबर ते एप्रिल हा काळ साधारणपणे पुरतो. ऐन-किंजळ न वाळल्यास घाई न करता पुढच्या वर्षापर्यंत थांबावे आणि तोवर तात्पुरता बांबूचा आडोसा करावा.

बसवताना

वरच्या पट्टीची पाठ सपाट ठेवू नये, गोलसर करावी, म्हणजे पाणी ओघळून जाते. खालच्या पट्टीची वरची कड बाहेरच्या बाजूस उतरती करावी. खालच्या पट्टीतील प्रत्येक गजाच्या भोकातून खाली आरपार एक बारीक छिद्र पाडावे, म्हणजे आत शिरलेले पाणी तेथे थांबत नाही. एवढ्या छिद्राने कठड्याचे आयुष्य वाढते.

लाकडाची टोके बाजूंपेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतात. म्हणून सांधा जोडण्याआधी कूस आणि भोक दोन्हींना आतून तेलाचे दोन हात द्यावेत. एकदा जोडल्यावर तेथे कुंचला पोहोचत नाही.

जुन्या लोकांनी खांब दगडी तळखड्यावर उभे केले ते विचारपूर्वक. अलीकडे फरशी बसवताना खांबाचा बुडखा सिमेंटमध्ये गाडतात. त्यात पाणी अडकते आणि बुडखा कुजतो. तसे करू नये. जांभ्याची भिंतही पाणी शोषून घेते, म्हणून पट्टीचे टोक भिंतीत न गाडता भिंतीलगत उभा केलेल्या आखूड खांबात बसवावे.

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळा लवकर गंजतो आणि साग, ऐन, खैर यांतील टॅनिनमुळे त्याभोवती काळा डाग पडतो. शक्य तेथे लाकडी खुंटी वापरावी, नाहीतर पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. कठीण लाकडात आधी भोक पाडूनच स्क्रू घालावा.

जुने कठडे बऱ्याचदा दोन-सव्वादोन फूटच उंच असतात आणि गज विरळ असतात. नव्याने करताना उंची फरशीपासून एक मीटर, म्हणजे साधारण तीन फूट तीन इंच ठेवावी. दोन गजांमधील फट चार इंचांपेक्षा जास्त नसावी, म्हणजे लहान मुलाचे डोके अडकत नाही. वर दिलेल्या मापांत खालच्या पट्टीखाली तीन इंच जागा सोडली, तर ही उंची आणि फट दोन्ही साधतात. जुन्या गजांचा घाट आवडत असेल तर एक नमुना सुताराकडे देऊन तसेच कातून घ्यावेत.

तेल आणि निगा

पूर्ण वाळलेल्या लाकडाला बेलतेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर न मुरलेले तेल फडक्याने पुसून घ्यावे, कारण जाड थर चिकट राहतो आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी चढते. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

काजूच्या टरफलाचे तेल वाशांना लावण्याची आपल्याकडे रीत आहे. वाशांना ते ठीक, पण कठड्याला लावू नये. त्याने कातडीला फोड येतात. जळके ऑईलही लावू नये. ते हाताला, कपड्यांना लागते आणि पुढे रंग धरत नाही. रंग द्यायचा असल्यास वाळलेल्या लाकडालाच द्यावा. ओल्या लाकडावरचा रंग पाणी आत कोंडून ठेवतो.

दरवर्षी मे महिन्यात, कौले चाळताना, कठड्याचीही पाहणी करावी. सांध्यात पेचकस टोचावा, खालची छिद्रे काडीने मोकळी करावीत, तेलाचा एक हात द्यावा. बोटभर जाडीचे गोल भोक आणि खाली भुसा दिसला तर काळ्या भुंग्याने घर केले आहे असे समजावे आणि भोक लाकडी खुंटीने बंद करावे. या कामास अर्धा दिवस लागतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बियाणे घेताना आपण पिशवीवरचे नाव वाचून थांबत नाही. दाणा भरलेला आहे का, वाळलेला आहे का, उगवण किती, हे पाहतो. लाकडालाही हीच पारख लावावी. वखारवाल्याला "कोणते लाकूड?" असे विचारल्यावर "गाभा किती? वाळवले केव्हा?" हेही विचारावे. तुकड्याचे तोंड उजेडात धरून पाहावे. येत्या मेमध्ये कठडा बदलण्याचा विचार असेल, तर लाकूड या झोडणीनंतरच आणून रचून ठेवावे. पावसाळ्यापूर्वी पाहणी करावी आणि हलणारा कठडा घरात वृद्ध आणि लेकरे असताना एक दिवसही तसाच ठेवू नये, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.